कपाट गच्च, आणि घालायला काहीच नाही

मागच्या अंकात कपडे, केस, दाढी वगैरेबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं आणि इतके आले की मी दोन संध्याकाळी नुसती वाचतच बसले. अर्ध्याहून जास्त पत्रांचा सूर एकच, ताई काय विकत घेऊ. स्टायलिस्ट म्हटलं की लोकांना वाटतं ही आता खरेदीची यादी काढून देणार, पण खरं सांगायचं तर माझा निम्मा वेळ लोकांच्या कपाटासमोर जमिनीवर फतकल मारून बसण्यात जातो आणि उरलेला टेलरच्या दुकानात. तेव्हा यादीच्या आशेने वाचत असाल तर आधीच सांगून ठेवते, निराशा होईल.

ताई, मी ४३ वर्षांची, नाशिकला बँकेत आहे. यंदा प्रमोशन झालं, केबिन मिळाली, मीटिंगा वाढल्या. कपाटात साठेक साड्या आहेत तरी रोज तेच तीन कुर्ते घालून जाते. दुसऱ्या बाळंतपणानंतर वजन वाढलं ते परत गेलंच नाही, आता एकही ब्लाऊज होत नाही. साठ ब्लाऊज नवे शिवायचे म्हणजे केवढ्याला पडेल! मिस्टर म्हणतात साड्यांचा नादच सोड.

साठ शिवायचेच नाहीयेत, आठात काम होईल, पण त्याआधी मिस्टरांना चहा करायला पाठवा आणि कुठलाही एक जुना ब्लाऊज उलटा करून काखेखालची शिवण बघा. शिवणीच्या आत कापडाची जी जादा पट्टी असते ना तिला टेलरलोक माया म्हणतात. जुन्या, हात बसलेल्या टेलरने शिवलेला असेल तर चांगली इंचभर माया सापडते, आणि तिथलं कापड बाहेरच्यापेक्षा गडद असतं कारण त्याला ना ऊन लागलेलं असतं ना घाम. पुढचा आणि मागचा भाग मिळून एका बाजूला एक इंच उसवला तरी दोन्हीकडचे मिळून दोन इंच वाढतात, आणि दोन इंच म्हणजे ब्लाऊजच्या हिशोबात फार झाले, जो हुकच लागत नव्हता तो आरामात लागतो. ती गडद रेघ आणि जुन्या टाक्यांची भोकं दिसतात थोडी, पण ती काखेत असतात, तुमच्या काखेत कोण बघायला येणारे.

माझ्या अनुभवात दहातले चार-पाच ब्लाऊज असे वाचतात. वाचत नाहीत ते मुंढ्याला, म्हणजे बाही जोडतात तिथे, तंग झालेले. हात वर केला की अख्खा ब्लाऊज वर सरकतो, मागे काखेपाशी कापड ओढल्यासारखं होतं, असं असेल तर समजा मुंढा कमी पडतोय, तिथे माया नसते आणि टेलर कितीही "होऊन जाईल मॅडम" म्हणाला तरी होत नाही, त्या ब्लाऊजवर पैसे घालवू नका.

आता आठ नवे. काळा, ऑफव्हाइट, मरून, गडद निळा हे चार तर डोळे झाकून शिवा, साठातल्या चाळीस साड्यांवर यातला कुठलातरी जातोच. एक खणाचा, एक कलमकारी किंवा अजरख, एक मोहरीच्या रंगाचा आणि एक तुमच्या हौसेचा. खण घेताना मजा बघा, तो आपला म्हणून आपण मिरवतो पण विणला जातो गुळेदगुड्डला, कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात, आणि तिथून जवळच इलकल, आपण जिला इरकल म्हणतो तिचं गाव. असो. शिवायला टाकण्याआधी अस्तराचं कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच टेलरला द्या. हे कुणी करत नाही आणि मग पहिल्या धुण्यात अस्तर आटतं, वरचं कापड तेवढंच राहतं आणि ब्लाऊजवर अशा चुरगळ्या येतात की वाटतं टेलरने वाट लावली. त्या बिचाऱ्याचा दोष नसतो. मापं देताना रोज घालता तीच ब्रा घालून जा, आणि दोन्हीकडे इंचभर माया ठेवा असं तोंडाने सांगा, न सांगता ठेवणारे टेलर आता कमी उरलेत.

केबिनमध्ये बसून काम असेल तर खळ घातलेली सुती साडी अकरापर्यंत चुरगळून पोत्यासारखी दिसते, ती शनिवारसाठी ठेवा. महेश्वरी, इरकल, मलमल बसलेल्या राहतात. आणि एक शेवटचं, तुमच्या पत्रात आहे म्हणून लिहिते, "बारीक झाले की घालीन" म्हणून जो कप्पा ठेवलाय ना, बऱ्याच बायका त्या एका बारीक बाईसाठी अख्खा कप्पा राखून ठेवतात आणि स्वतः तीन कुर्त्यांवर दिवस काढतात. रिकामा करा तो. बोहारीण अजून येत असेल तुमच्याकडे तर दोन पातेली तरी येतील.

नमस्कार ताई, मी २३, मूळचा लातूरचा, हिंजवडीत पहिलीच नोकरी लागलीय. एचआरने स्मार्ट कॅज्युअल घाला असं मेल केलंय, म्हणजे नक्की काय? बजेट सहा हजार. घाम फार येतो, पांढऱ्या शर्टांना काखेत पिवळे डाग पडलेत. दाढी पण नीट भरत नाही, मधेमधे मोकळी जागा दिसते.

अरे स्मार्ट कॅज्युअल म्हणजे नक्की काय हे एचआरला पण माहीत नसतं, कॉलर असलेला शर्ट, चिनोज म्हणजे साधी सुती पँट किंवा गडद जीन्स जी फाटलेली नाही, आणि स्वच्छ बूट, एवढं केलंस की तुला कोणी काही बोलणार नाही. सहा हजारात पाच शर्ट घ्यायच्या भानगडीत पडू नकोस. तीन शर्ट, दोन पँट, एक चांगला बूट. शर्ट घेताना आरशासमोर सगळ्यात आधी खांद्याची शिवण बघायची, ती खांद्याचं हाड जिथे संपतं बरोबर तिथे बसली पाहिजे. दंडावर ओघळली तर दादाचा शर्ट घातल्यासारखं दिसतं, आत गेली तर ओढतो. हे एवढ्यासाठी सांगते की पोटाचा घेर टेलर शंभर-दीडशे रुपयांत कमी करून देतो, बाही आखूड करतो, पण खांदा उसवून बसवणं म्हणजे शर्ट नव्याने शिवण्यासारखंच आहे. आणि वर लिहिलेली माया रेडिमेडमध्ये नसतेच, त्यामुळे रेडिमेड कमी करून मिळतो, वाढवून मिळत नाही. नंबरावर विश्वास ठेवू नको, एका कंपनीचा ४० दुसरीच्या ४२ एवढा असतो. गळ्याचं बटण लावून दोन बोटं आत जातात का बघ, दोन्ही हात वर करून शर्ट पँटमधून पूर्ण बाहेर येतो का बघ, खाली बसून छातीपाशी बटणांमध्ये फट पडते का बघ. ट्रायल रूममध्ये दोन मिनिटं जास्त लागतील, बाहेर रांग असली तर असू दे. पँटची उंची मात्र बूट घालूनच मोजून घे, चपलेवर मोजलेली पँट बुटावर वेगळीच दिसते आणि हे सगळ्यांचं एकदातरी होतंच.

पिवळे डाग नुसत्या घामाचे नसतात रे. घाम रोखणारे जे रोल-ऑन असतात त्यात अ‍ॅल्युमिनियमचे क्षार असतात, ते आणि घाम मिळून तो पिवळेपणा धरतो. घरी आई काय करते तर ब्लीच ओतते, आणि ब्लीचने ते उलट जास्तच पिवळे होतात. खाण्याच्या सोड्याची पाण्यात घट्टसर पेस्ट करून डागावर अर्धा-एक तास ठेव, ब्रशने हलकं घास, धू, उन्हात टाक. जुना डाग एका फटक्यात जाणार नाही. रोल-ऑन सकाळी घाईत ओल्या काखेत फिरवण्यापेक्षा रात्री झोपताना कोरड्या त्वचेवर लावलेलं जास्त काम करतं, आणि सकाळी लावलंच तर ते पूर्ण वाळल्याशिवाय शर्ट चढवू नकोस. पॉलिस्टरचे चकचकीत शर्ट तर घेऊच नको, घामाचा वास त्यात असा बसतो की धुवून पण इस्त्री फिरवली की परत येतो.

दाढीला महिनाभर हात लावू नकोस. पंधराव्या दिवशी भयंकर दिसशील, आई व्हिडिओ कॉलवर ओरडेल, तरी नको. गालावरची मोकळी जागा आजूबाजूच्या वाढलेल्या केसांनी बरीचशी झाकते. महिन्याने पण तशीच दिसली तर सरळ ट्रिमरने सगळीकडे बारीक एकसारखी ठेव, तेही छान दिसतं. मानेवरची रेघ मात्र पाहिजेच, कंठाच्या गाठीच्या वर दोन बोटं, त्याखालचं सगळं साफ. आणि सलूनमध्ये तुरटीचा खडा फिरवतात ना, तो तुझ्याआधी किती जणांच्या गालावरून फिरलाय कुणास ठाऊक, दहा रुपयांचा स्वतःचा वेगळा ठेव.

तिशीतच केस पांढरे झालेत. पार्लरवाली म्हणाली केमिकलचा डाय नको, काळी मेंदी लावू, नॅचरल असते. लावल्यावर कानामागे आणि कपाळावर खाज आली, पुरळ आलं. नॅचरल गोष्टीने असं होतं का?

नॅचरल मेंदी काळी नसतेच! मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं आणि त्याचा रंग केशरी-लाल, कितीही वेळ ठेवा, लोखंडी कढईत भिजवा, चहाचं पाणी घाला, तपकिरीकडे झुकेल पण काळा कुळकुळीत होणार नाही. पाकिटातली काळी मेंदी तासाभरात काळी होते ती बहुतेक वेळा पीपीडी म्हणजे पॅराफेनिलीनडायअमीन घातलेलं असतं म्हणून, म्हणजे जो डाय नको होता तोच. तुम्हाला त्याची अ‍ॅलर्जी दिसतेय, आणि ही अ‍ॅलर्जी एकदा आली की सहसा जात नाही, पुढच्या वेळी जास्त जोरात येते, डोळे सुजण्यापर्यंत. त्यामुळे "थोडीशी लावून बघू" हा प्रयोग नको, आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि पाकीट सोबत न्या. ते हो म्हणाले तरच दुसरं काही, म्हणजे शुद्ध मेंदी आणि नंतर नीळ, तीच ती इंडिगोच्या पानाची पावडर, अशा दोन टप्प्यांत काळा रंग येतो, पण वेळखाऊ काम आहे, रविवार जातो. काहीही लावायच्या आधी कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून ४८ तास थांबायचं. पार्लरमध्ये कोणी थांबत नाही, तुम्ही थांबा.

स. न. वि. वि. मी ६८ वर्षांचा, निवृत्त शिक्षक, सातारा. १९८४ साली शिवलेला टेरिकॉटचा सफारी माझ्याकडे आहे, आजतागायत एक धागा निघालेला नाही. मुलाच्या लग्नात सीमांतपूजनाला तोच घालायचा म्हणतो तर घरात सगळे माझ्या विरोधात. आपले मत कळवावे.

काका, टेरिकॉटचा धागा निघत नसतो, ते कापड तुमच्या-माझ्या नंतर पण असंच राहणार आहे! मी तुमच्या बाजूने आहे पण अर्धीच. सफारी घाला, पण सीमांतपूजनाला नको, फोटोत सगळे रेशमी आणि तुम्ही एकटे १९८४ सालचे, सूनबाईंच्या माहेरचे काय म्हणतील यापेक्षा तुमच्या घरचे पुढची वीस वर्षं काय ऐकवतील याचा विचार करा. लग्नानंतरच्या सत्यनारायणाला पूजा आटपून सोवळं सोडलंत की जेवणाच्या पंगतीला घाला, तिथे तो शोभेल. पँट कमरेला होत नसेल तर मागच्या मधल्या शिवणीत बघा, त्या काळचे टेलर तिथे दोन-दोन इंच माया सोडायचे, गिऱ्हाईकाचं पोट सुटणार हे त्यांनी धरलेलंच असायचं.

सीमांतपूजनाला ऑफव्हाइट किंवा फिका बदामी सिल्क-कॉटनचा कुर्ता, धोतर जमत असेल तर धोतर, आणि खांद्यावर उपरणं. फेटा बांधणारा येणारच असेल, त्याला म्हणावं काकांचा जरा सैल बांध, घट्ट बांधला की दीड तासात डोकं ठणकायला लागतं. पायात कोल्हापुरी घालणार असाल तर आजच घ्या, लग्नाच्या आदल्या दिवशी नको. खरी कोल्हापुरी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याची असते, नवी असताना कडक असते आणि अंगठ्यापाशी हमखास चावते. पट्ट्यांना आतून एरंडेल किंवा खोबरेल चोळून रात्रभर ठेवा, आठवडाभर घरात रोज अर्धा तास घालून फिरा, मग ती तुमच्या पायाची होते. २०१९ साली तिला जीआय, म्हणजे अमुक भागातलीच अस्सल असं सांगणारा सरकारी शिक्का, मिळाला, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून, आणि २०२५ च्या जूनमध्ये तर तिकडे मिलानच्या रॅम्पवर अगदी तशाच चपला आल्या, कोल्हापूरचं नाव न घेता, आणि मग इकडे केवढा गदारोळ झाला. पाण्यात मात्र नेऊ नका तिला, हॉल धुतलेला असेल तर हातात घ्या सरळ.

आईची पैठणी माझ्याकडे आहे, तिच्या लग्नातली, १९७८ची. आई गेल्यावर मी एकदाच नेसले. परवा काढली तर घडीवर चिरलेली. बहीण म्हणते ड्रेस शिवून टाक, नणंद म्हणते दारावर जुनी जरी घेणारा येतो त्याला देऊन टाक. मला दोन्ही नकोय, पण चिरलेली साडी ठेवून तरी काय करू?

दारावरच्या माणसाला अजिबात देऊ नका. तो साडी घेत नाही, चांदी घेतो, वितळवायला.

आता असं करा, खिडकीजवळ दोघींनी मिळून साडी उलगडा आणि उजेडासमोर धरा. घडीच्या रेषेवर बारीक बारीक उजेडाचे ठिपके दिसतील, जिथे अजून चिरलेली नाही तिथेही. रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीवर दुमडून राहिलं की तिथले तंतू मोडत जातात, आणि वरून जरीचं वजन. ठिपके कुठे आहेत ते दोऱ्याने टाके घालून खूण करा. मग पदर उलटा करून बघा. हातमागावरच्या पैठणीचा पदर मागून पण पुढच्यासारखाच दिसतो, मोर तसाच, मुनिया तशीच, कारण प्रत्येक रंगाचा धागा हाताने एकमेकांत अडकवून विणलेला असतो. मशीनवरच्याला मागे लोंबणाऱ्या धाग्यांचं जंगल असतं. १९७८ची आहे म्हणजे हातमागाची असायची शक्यता खूप, येवल्याची असेल नाहीतर खुद्द पैठणची.

माझ्याकडे येतात त्या जुन्या पैठण्यांत बहुतेक वेळा अंग, म्हणजे काठ-पदर सोडून मधलं कापड, गेलेलं असतं आणि काठ-पदर ठणठणीत असतात. चिरा जर नेसूच्या बाजूला, म्हणजे कमरेत आत खोचला जातो त्या भागात असतील तर चांगल्या रफूवाल्याकडे द्या आणि विसरून जा, दिसणारच नाहीत. निऱ्यांवर असतील तर आतून अख्ख्या साडीला त्याच रंगाची मऊ नेट लावून घेता येते, साडी थोडी जड होते पण नेसता येते. आणि अंग अगदीच विरलं असेल तर काठ आणि पदर सोडवून नव्या रेशमावर चढवून घ्यायचे. हे काम करणाऱ्याने आधी केलेली एकतरी साडी हातात घेऊन बघा, काठाची शिवण ओढली जाऊन अंगावर चुण्या पडल्यात का ते तपासा, मगच तुमची साडी त्याच्या हातात द्या.

ड्रेसचं म्हणाल तर मी शक्यतो नाहीच म्हणते. ड्रेस शिवला की तो तुमच्या आजच्या मापाचा होतो, पाच वर्षांनी तुम्हालाच होणार नाही. साडी कुणाच्याच मापाची नसते, सहा वार म्हणजे साडेपाच मीटर सगळी मायाच, आईला झाली, तुम्हाला झाली, तुमच्या मुलीला पण होईल आणि तिला ब्लाऊज तेवढा नवा लागेल. शिवायचाच हट्ट असेल तर विरलेल्या अंगातून जाकीट किंवा पोटली करा, पदराला कात्री लावू नका.

दुरुस्त होऊन आली की प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, दमट धरून ठेवते ती. जुन्या धुतलेल्या सुती धोतरात किंवा ओढणीत गुंडाळा. हँगरला पण लावू नका, जरीच्या वजनाने ओढली जाते. दर तीन महिन्यांनी काढून सावलीत अर्धा तास पसरायची आणि घडी बदलून ठेवायची, मागच्या वेळी चार घड्या घातल्या तर यावेळी तीन, म्हणजे रेष एका जागी बसत नाही. डांबरगोळी कापडाला चिकटून नको, त्यापेक्षा वेखंडाची पुरचुंडी कोपऱ्यात टाका. आणि सेंट मारायचाच असेल तर साडी नेसायच्या आधी अंगावर मारा आणि वाळू द्या, जरीवर उडाला की ती काळवंडते. पुढच्या वेळी नेसाल तेव्हा आईच्याच पद्धतीचा छोट्या बाहीचा ब्लाऊज शिवून बघा, त्या काठाला तोच शोभतो, फुग्याच्या बाह्या नकोत.

पावसाळ्यात जीन्स तीन-तीन दिवस वाळत नाही आणि मग कुबट वास मारते. ठाण्याहून रोज लोकलने जाते, काय करू?

अगं पावसाळ्यात जीन्स घालूच नकोस ना ऑफिसला! गुडघ्यापर्यंत भिजली की दिवसभर एसीत ओलं पोतं पायाला गुंडाळून बसल्यासारखं होतं. पातळ, पटकन वाळणारी अँकल-लेंथ पँट घे, गडद रंगाची, आणि बॅगेत एक जोडी कोरडे मोजे. घालायचीच असेल तर धुवून उलटी कर, खिसे बाहेर काढ, कमरेकडून दोन चिमट्यांवर अशी टांग की आत हवा जाईल, दोरीवर दुमडून नको, आणि खाली पंखा लाव. वास येतो तो कापड फार वेळ ओलं राहिल्याने, त्यामुळे ओलसर असताना इस्त्री मारून किंवा सेंट मारून जात नाही, परत धुवावीच लागते.